बोटीच्या इंजिनाची लाइन पाण्यात मिळवायची असते

१ जूनला मासेमारी बंद होते आणि आमचं काम सुरू होतं. ३१ जुलैपर्यंत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारलेल्या असतात. ज्यांना इंजिन बदलायचंय ते नाखवे मे महिन्यातच मिस्त्रींना सांगून ठेवतात. मी आयटीआयमधून एका वर्षाचा डिझेल मेकॅनिक करून यात आलो. ट्रकचं इंजिन खोलता येतं, मग बोटीचं काय वेगळं, असं वाटायचं. खोलण्यापुरतं ते खरंही होतं. बसवताना पंचाईत झाली.

ट्रकच्या चासीला माउंटिंगच्या जागा कारखान्यातूनच ठरून आलेल्या असतात. बोटीत बेड, म्हणजे इंजिनाची बैठक, आपण करायचा आणि त्यावर इंजिन असं ठेवायचं, की गिअरबॉक्सचा फ्लँज (बोल्टने जोडायची गोल चकती) आणि पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, शाफ्टचा फ्लँज तोंडाला तोंड लावून बसतील. याला अलाइनमेंट म्हणतात, आमच्यात नुसतं ‘लाइन’.

दुसऱ्या हंगामात मिस्त्री शेजारच्या बोटीवर होते, म्हणून एका ट्रॉलरची लाइन मी एकट्याने मिळवली. फ्लँज ६ इंची. हिशेब असा, की व्यासाच्या दर इंचाला १ थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढाच फरक चालतो. माझ्या फ्लँजला ६ थाउ, साधारण ०.१५ मिलिमीटर. मी चारही बाजूंनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातला, फरक ४ थाउच्या आत आला, बोल्ट आवळले आणि खुशीत चहा प्यायला गेलो. ऑगस्टमध्ये तिसऱ्याच दिवशी नाखवा परत आला. बोट थरथरत होती, ग्लँडला (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) हात लावला तर चटका बसत होता. मिस्त्रींनी कपलिंग, म्हणजे दोन फ्लँजचा जोड, सोडलं आणि गेज माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला २० थाउचं पातं आरामात आत गेलं.

“लाइन कुठे मिळवलीस?”

“इथेच. ओंडक्यांवर होती तेव्हा.”

“मग आता पाण्यात मिळव.”

जमिनीवर बोटीचं वजन ओंडक्यांवर असतं, पाण्यात ते सगळ्या बुडावर वाटलं जातं. बॉडी थोडी वाकते, लाकडी असेल तर फुगतेही. म्हणून जमिनीवर फक्त कच्ची लाइन घ्यायची. बोट उतरवली, की निदान एक दिवस तिला बसू द्यायचं, टाकीत डिझेल भरायचं आणि मग पक्की लाइन मिळवायची. काही दिवस बोट चालल्यावर परत एकदा बघायची. हे शेवटचं काम सगळे टाळतात.

गेज वापरायची रीत सांगतो. आधी दोन्ही फ्लँज उंचीला आणि आडवे एकमेकांसमोर आणा. शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने लोंबतं, त्याला आधार द्या, नाहीतर खोट्या उंचीवर लाइन मिळते. मग वर, खाली, डावी, उजवी अशी फट मोजा. फट वर असेल तर इंजिनाचं पुढचं तोंड उचलायचं, खाली असेल तर उतरवायचं. त्यानंतर गिअरबॉक्सचा फ्लँज न हलवता शाफ्ट पाव फेरा फिरवून परत मोजा. फट जागच्या जागी राहिली तर दोष लाइनीत. शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा त्याचा फ्लँज वाकडा आहे. मग इंजिनाखाली शिमा (पातळ पट्ट्या) घालत दिवस घालवू नका, शाफ्ट काढून लेथवर पाठवा.

ग्लँडमध्येही नवीन पोरं फसतात. पाणी ठिबकताना दिसलं, की पाना घेऊन आवळत सुटतात. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्यानेच शाफ्टभोवतीचं पॅकिंग थंड राहतं. कोरडं केलंत तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टवर चरे पडतात. पॅकिंगच्या कड्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका.

स्टर्नड्राइव्हचं विचाराल, तर ते ट्रॉलरवर नसतं. जाळं ओढायला मोठा पंखा सावकाश फिरावा लागतो. स्टर्नड्राइव्ह भेटतं ते हौशी स्पीडबोटींवर. तिथे इंजिन आत आणि गिअर-पंख्याचा पाय मागच्या फळीबाहेर असतो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये अ‍ॅक्वामॅटिक आणलं तेव्हापासून हा प्रकार चालू आहे. तिथे गेजऐवजी अलाइनमेंट बार असतो. तो बेअरिंगमधून कपलरमध्ये दोन बोटांनी सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागला तर लाइन चुकलेली आहे. पायाजवळच्या रबरी बेलोला (घड्यांच्या नळीला) चीर दिसली तर लगेच बदला, तिथूनच पाणी आत शिरतं.

रीतसर शिकायचं असेल तर कोचीच्या सिफनेटचा (केंद्र सरकारची मासेमारी प्रशिक्षण संस्था) मरीन फिटरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. दहावीनंतर जाता येतं. माझ्या वेळी मला कोणी सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक मिस्त्रीला माणूस कमी पडतो. सकाळी सातला बंदरावर जा, जुने कपडे घाला, सडपातळ असाल तर आधी तेच सांगा. इंजिन आणि बाजूच्या फळीमधल्या वीतभर जागेत शिरणारा माणूस त्यांना हवाच असतो.