रडार प्रतिमेचे सिम्युलेशन करताना या चुका टाळा

नागपूरचा परिसर बहुतांशी सपाट असल्यामुळे इथे रडार प्रतिमेचे सिम्युलेशन (जमिनीच्या उंचीवरून उपग्रहाची रडार प्रतिमा कशी दिसेल, हे संगणकावर काढणे) शिकणाऱ्याच्या चुका बराच काळ झाकलेल्या राहतात, आणि तीच पद्धत चिखलदऱ्याच्या कड्यांवर वापरली की त्या एकदम उघड्या पडतात. चूक सहसा आज्ञावलीत नसते, भूमितीच्या एखाद्या साध्या नोंदीत असते.

सर्वांत घातक चूक उंचीच्या संदर्भपातळीची आहे. एसआरटीएम या जमिनीच्या उंचीच्या मॉडेलमधल्या उंच्या ईजीएम९६ या जिऑइडवरून (सरासरी समुद्रपातळीशी जुळणाऱ्या पृष्ठभागावरून) मोजलेल्या असतात, तर उपग्रहाची कक्षा एलिप्सॉइडच्या (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकाराच्या) संदर्भात दिलेली असते. आपल्या भागात जिऑइड एलिप्सॉइडच्या ५० मीटरहून अधिक खाली असल्याने रूपांतर राहून गेले तर जमीन तेवढी उंच धरली जाते आणि सिम्युलेटेड प्रतिमा उपग्रहाच्या दिशेने सरकते. ३९ अंशांच्या आपाती कोनाला (रडारचा किरण जमिनीच्या लंबाशी करतो तो कोन) ५० मीटरची चूक जमिनीवर सुमारे ६० मीटर होते, म्हणजे सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या १० मीटरच्या सहा पिक्सेलएवढी. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: सेंटिनेल-१ च्या चढत्या कक्षेत (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना) प्रतिमा पश्चिमेकडे आणि उतरत्या कक्षेत (उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना) पूर्वेकडे सरकत असेल तर दोष उंचीचा समजावा, दोन्हींत एकाच दिशेने सरकत असेल तर निर्देशांक तपासावेत.

निर्देशांकांचा घोळ विदर्भात हमखास होतो, कारण यूटीएम या मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीतल्या दोन पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर असून ती अमरावती आणि नागपूर यांच्यामधून जाते. नागपूर ४४ व्या पट्ट्यात येते, चिखलदरा ४३ व्या. अक्षांश-रेखांशातल्या उंचीच्या मॉडेलवरून थेट उतार काढल्यास आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते, त्यामुळे जवळजवळ सगळी जमीन कड्यासारखी उभी दिसते. (आपल्या सपाट शेतशिवारात असा निकाल आला, तर निदान शंका तरी यावी.)

उपग्रह कोणत्या बाजूला पाहतो, हे गृहीत धरू नये. सेंटिनेल-१ उजवीकडे पाहतो, तर ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला नासा-इस्रोचा निसार डावीकडे. म्हणून चढत्या कक्षेत पहिल्याची दृष्टी पूर्वेला आणि दुसऱ्याची पश्चिमेला असते, आणि जुन्या मांडणीत फक्त कक्षेची माहिती बदलली तर लेओव्हर (उंच भाग उपग्रहाच्या बाजूला झुकून पायथ्यावर पडल्यासारखा दिसणे) व छाया (रडारच्या लहरी पोहोचत नाहीत तो भाग) चुकीच्या उतारांवर पडतात.

केवळ स्थानिक उतार पाहून मुखवटा (लेओव्हर व छायेचे पिक्सेल वेगळे दाखवणारा थर) तयार करणेही अपुरे ठरते. ३९ अंशांच्या कोनाला उपग्रहाकडे तोंड केलेला उतार ३९ अंशांहून तीव्र असेल तर लेओव्हर होतो, पाठमोरा उतार ५१ अंशांहून तीव्र असेल तर छाया पडते; परंतु कड्याचा लेओव्हर त्याच्या पायथ्याजवळच्या सपाट जमिनीवरही येतो, आणि ती जमीन स्वतःच्या उतारावरून निर्दोष भासते. यासाठी प्रत्येक किरणरेषेवर अंतरांचा क्रम तपासावा लागतो, आणि मॉडेल अभ्यासक्षेत्राच्या काठावरच कापून चालत नाही. शिवाय ३० मीटरच्या मॉडेलमध्ये कडे गुळगुळीत होतात, त्यामुळे प्रत्यक्षातला लेओव्हर अंदाजापेक्षा जास्तच निघतो.

मॉडेलचे वयही पाहावे. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे. त्यानंतर उमरेडच्या उघड्या कोळसाखाणीभोवती साचलेले माती-दगडाचे ढीग त्यात कसे असणार? उलट अंबाझरी तलावाचा काळा डाग छाया समजून सिम्युलेशनमध्ये शोधत बसू नये. शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून तो काळा दिसतो, आणि भूमितीच्या मुखवट्यात तो येणारच नाही.