घाटेअळीवर बीटीची भुकटी: अळीच्या पोटात जाईल अशी फवारणी

कृषी केंद्रात 'बीटी द्या' म्हटलं की आपल्याकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याचं पाकीट पुढे येतं. हरभऱ्याच्या घाट्यात शिरणाऱ्या घाटेअळीसाठी हवी असते ती बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या कुर्स्टाकी जातीची भुकटी, म्हणून 'फवारणीचं बीटी, कुर्स्टाकी' असंच मागा. दोन्हीकडचं प्रथिन एकाच घराण्यातलं. बियाण्यात ते झाड स्वतः तयार करतं, भुकटीत ते जिवाणूच्या बीजाणूंसोबत बारीक स्फटिकांच्या रूपात असतं.

हा स्फटिक अळीच्या अंगावर पडून काही करत नाही, तो पोटात जावा लागतो. अळीच्या आतड्यातला रस साबणाच्या पाण्यासारखा अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचकरस प्रथिनाचा तुकडा पाडून ते विषारी करतात आणि आतड्याला छिद्रं पडतात. आपल्या जठरात आम्ल असतं, शिवाय हे प्रथिन जिथे चिकटतं ती जागा आपल्या आतड्यात नसते. तरी भुकटी नाकाडोळ्यात जाऊ देऊ नका, तोंडाला रुमाल बांधाच.

कुठे पैसे वाया जातात तेही यावरूनच कळतं. मावा, तुडतुडे, फुलकिडे झाडातला रस ओढतात, त्यांच्या पोटात पानावरची भुकटी जातच नाही. सोयाबीनचा चक्रभुंगा आणि जमिनीतली हुमणी हे भुंगेरे, त्यांच्यावर कुर्स्टाकी चालत नाही. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसलेली, आणि पऱ्हाटीच्या बियाण्यातल्या दोन्ही प्रथिनांना ती आधीच सरावली आहे. तिच्यावर ही फवारणी करू नका. सोयाबीनवरच्या उंटअळ्या लहानपणी चांगल्या मरतात. तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीवर मात्र कुर्स्टाकी कमी पडतं, तिथे 'ऐझावाई' जात बरी.

हरभऱ्यात वेळ साधणं हेच खरं काम. कळ्या दिसू लागल्या की एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग २-३ दिवस एकेका सापळ्यात ८-१० पतंग दिसले की खाली बसून पानं उलटून पाहायला लागा. नुकत्या निघालेल्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पानावर पांढुरके, पारदर्शक डाग दिसतात. पिकाच्या ओळीच्या एका मीटरमध्ये अशा १-२ बारीक अळ्या दिसल्या की फवारणीची वेळ झाली. अळी तांदळाच्या दाण्याहून मोठी झाली की मात्रा पुरत नाही, आणि तिनं घाट्यात डोकं घातलं की भुकटी बाहेर आणि अळी आत.

आता द्रावण. लेबलवरचं प्रमाण पाळा. समजा ते हेक्टरी १ किलो आणि पाणी ५०० लिटर असेल, तर एकरी ४०० ग्रॅम भुकटी आणि २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम, असे तेरा-चौदा पंप. भुकटी थेट पंपात टाकली तर गुठळ्या होतात आणि नोझल चोंदतं. आधी मगभर पाण्यात तिची पातळ पेस्ट करा, धोतराच्या फडक्यातून गाळा, अर्धा भरलेल्या पंपात ओता आणि मग पाणी पूर्ण करा. चिकटद्रव्य शेवटी. अधूनमधून पंप हलवत राहा, नाहीतर भुकटी तळाशी बसते: काही ओळींना नुसतं पाणी आणि काहींना गाळ.

बोअरचं पाणी पट्टीनं तपासा. सामू (पीएच) ८ च्या वर असेल तर स्फटिक अळीच्या पोटाऐवजी पंपातच विरघळायला लागतो. लिंबूसत थोडं थोडं टाकून सामू ७ च्या आसपास आणा. बोर्डो मिश्रण, तांबंयुक्त बुरशीनाशक किंवा स्ट्रेप्टोसायक्लिनसारखं जिवाणूनाशक यात मिसळू नका. तयार द्रावण रात्रभर ठेवू नका.

फवारणी दुपारी चारनंतर. डिसेंबरात नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य टेकतो, तेव्हा हाती दीड तास असतो, तेवढ्या वेळात होईल तेवढंच वावर हाती घ्या. उन्हातले अतिनील किरण हे प्रथिन दोन-चार दिवसांत निकामी करतात, म्हणून सकाळी मारलं तर अळीनं खाण्याआधीच निम्मी कमाई गेली. नोझल पोकळ शंकूचं, थेंब बारीक, आणि कांडी खालून वर फिरवायची. अळी जिथे खाते तिथे औषध नसेल तर उपयोग नाही. पाऊस आला तर पुन्हा फवारावं लागतं. एरवी ७ दिवसांनी पाहणी करून ठरवा.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या शोधत फिरू नका. खाणं काही तासांतच थांबतं, मरायला मात्र २ ते ५ दिवस लागतात. पाहायचं ते हे: पानावर ओली, ताजी लेंडी दिसते का? नसेल तर काम झालं. तिसऱ्या दिवशी अळी मऊ पडते, काळपट होते आणि बोटानं दाबली तर फुटते. दुसऱ्या दिवशी 'अळी जिवंत आहे' म्हणून घाईनं रासायनिक मारणाऱ्यांमुळेच हे औषध बदनाम झालं आहे.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या रोपवाटिकेत लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीवर हेच वापरता येतं. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी दिसते, नंतर हिरवी होते. ठिपक्यासारखी आहे तोवरच मारा. शेजारी तुतीची किंवा टसरची रेशीमशेती असेल तर वारा तिकडे असताना अजिबात फवारू नका, रेशीमकिडाही अळीच आहे.

खरेदी करताना पाकिटावर नोंदणी क्रमांक, 'कुर्स्टाकी' हा शब्द आणि उत्पादन तारीख पाहा. टिनाच्या शेडमध्ये मे महिना काढलेलं पाकीट घेऊ नका. ओल लागून गोळे झालेलंही नको. आणि फवारल्यावर तासाभरात अळ्या पटापट खाली पडल्या, तर ते बीटीचं काम नव्हे. त्यात रासायनिक काहीतरी मिसळलेलं असण्याचा संशय घ्या, पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि कृषी विभागाला कळवा.