खुर्ची पहिल्या रांगेत: सगळ्यांना सामावून घेणारे योगशिक्षक कसे तयार करावेत

योगशिक्षकांच्या अभ्यासक्रमात हल्ली ‘सर्वसमावेशक योग’ नावाचं एक सत्र असतं. दोन तासांचं, बहुतेकदा शेवटच्या रविवारी, जेवणानंतर. एक फोल्डिंग खुर्ची दाखवायची, ज्येष्ठांसाठी चार प्रकार करून घ्यायचे आणि प्रमाणपत्रं वाटायला घ्यायची. अशी सत्रं मी स्वतः घेतली आहेत, म्हणून सांगते, त्यातून काही होत नाही. हे शिकवायचं तर पहिल्या दिवसापासून, प्रत्येक आसनासोबत शिकवावं लागतं.

साहित्य फार लागत नाही. बिनहाताच्या लोखंडी खुर्च्या, विटा, पट्टे, घरातल्या जाड चादरी आणि मोकळी भिंत. प्लास्टिकची खुर्ची नको, फरशीवर सरकते. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली वीट ठेवा. साधनं घेणं म्हणजे कमीपणा, असं एखाद्या प्रशिक्षणार्थीला वाटत असेल तर त्याला आठवण करून द्या: लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयाने पोखरलेले योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले, आणि विटा-पट्टे-दोऱ्यांची पद्धत त्यांनी इथेच घडवली.

नोंदणीच्या वेळी ‘काही आजार आहे का?’ हे विचारू नका. सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत? ऑपरेशन झालंय का? जमिनीवर बसून आधाराशिवाय उठता येतं का?’ असं विचारलं की खरी माहिती येते. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, रक्तदाब आटोक्यात नसेल तर कपालभाती आणि श्वास रोखणं नको, हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं नको, इन्शुलिन घेणारी व्यक्ती सकाळी उपाशीपोटी आली असेल तर आधी चौकशी करा. हे पाठ करून घ्या आणि पुढे चला. इथपर्यंत कुणीही शिकतं.

अडतं ते यापुढे, वर्ग घेताना बोलायचं कसं इथे. माझी यात काही वर्षं वाया गेली.

मी सुरुवातीला शिकवायचे ते असं: आधी ‘पूर्ण’ आसन दाखवायचं, मग म्हणायचं, ‘ज्यांना जमत नसेल त्यांनी सोपा प्रकार करा.’ मला वाटायचं, मी सगळ्यांची काळजी घेतेय. एका बॅचमध्ये गुडघेदुखीच्या एक काकू होत्या. त्यांना मागे खुर्ची दिली आणि सांगितलं, ‘काकू, तुम्ही बसूनच हात हलवा.’ दुसऱ्या आठवड्यापासून त्या दिसेनात. पुढे भाजी मंडईत भेटल्या. मी विचारलं, येत का नाही? त्या हसल्या. ‘अगं, मी तिथे बघायलाच येत होते. बघायचं तर घरी टीव्ही आहेच.’ मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले.

म्हणून माझ्या प्रशिक्षणात ‘सोपा प्रकार’, ‘जमत नसेल तर’ आणि ‘पूर्ण आसन’ या तिन्हींना बंदी आहे. त्याऐवजी प्रशिक्षणार्थीला आधी आसनाचं काम शोधायला लावते. त्रिकोणासन घ्या. उजवीकडे झुकल्यावर काय व्हायला हवं? दोन्ही कुशी लांब राहायला हव्यात, छाती उघडायला हवी, पाय घट्ट हवेत. हात जमिनीला लागणं हे काम नव्हे. ‘हात जमिनीला लावा’ ही सूचना वर्गातल्या चौघांना लागू पडते. ‘उजवी कूस आखडू देऊ नका’ ही उभ्या असलेल्याला, भिंतीला टेकलेल्याला आणि खुर्चीच्या कडेवर बसून एक पाय बाजूला पसरलेल्यालाही एकाच वेळी लागू पडते. खांदा जखडलेल्याने वरचा हात कमरेवर ठेवला तरी काम तेच. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, ‘डोकं गुडघ्याला’ म्हणणाऱ्याला मी जागीच थांबवते. चादरीच्या घडीवर बसा, पावलांना पट्टा लावा, कमरेच्या सांध्यातून वाका, पोट मोठं असेल तर पाय रुंद करून पोटाला जागा द्या. आसनात स्थिरता आणि सुख हवं, हे परीक्षेत सगळे लिहितात आणि वर्गात येऊन ‘अजून, अजून’ ओरडतात.

सराव असा: २१ जूनला, योग दिनी, सगळीकडे होतो तो ४५ मिनिटांचा कॉमन योग प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेला सामूहिक योगक्रम, प्रत्येकाने आधी खुर्चीत बसून शिकवायचा. मग तोच उभ्यांना आणि बसलेल्यांना एकत्र, एकाच सूचनेवर. पहिल्या वेळी सगळ्यांची बोबडी वळते. तीन-चारदा करा. आणि शिक्षकाने खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायची, निदान काही आसनं स्वतः त्यात बसून दाखवायची.

एक इशारा. गुडघ्यांना पट्टे बांधून, डोळ्यांवर पट्टी लावून ‘अपंगत्वाचा अनुभव’ देणारे खेळ मीही खेळले आहेत. त्यातून फक्त कीव शिकतात. त्यापेक्षा व्हीलचेअर वापरणारी, कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी माणसं बोलवा, त्यांना मानधन द्या आणि चुका दाखवायला सांगा. पहिल्याच दिवशी कळतं: न दिसणाऱ्यासाठी ‘असं करा’ ही सूचनाच नसते, अवयवाचं नाव घ्यावं लागतं. ऐकू न येणाऱ्याला डोळे मिटायला लावलं की त्याचा वर्ग तिथेच संपतो. व्हीलचेअरचे ब्रेक लावलेत का, हे ती व्यक्तीच तुम्हाला विचारायला लावते.

हात लावण्याआधी विचारा, तेही समोर येऊन. साडीतल्या बायकांच्या बॅचला पाय वर उचलायची आसनं देऊ नका, त्या संकोचाने निम्मंच करतात.

शवासनाला मात्र घाई नको. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा, धाप लागणाऱ्याच्या पाठीखाली लोड द्या, ज्याला खाली उतरायचंच नाही त्याने समोरच्या टेबलावर उशी घेऊन डोकं टेकावं. उठवताना कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीला धरून. ज्याचे गुडघे टेकत नाहीत त्याला शवासन खुर्चीतच. यासाठी पाच मिनिटं हाताशी ठेवा, पुढची बॅच दारात उभी असली तरी.