व्हेरिकोज व्हेन्सच्या उपचारांत या चुका टाळा

लक्ष्मी रोडवर दिवसभर साड्या दाखवत उभे राहणारे सेल्समन, सिग्नलवरचे ट्रॅफिक पोलीस, शाळेतल्या बाई. पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा दिसू लागल्या की बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला: तेल चोळा. त्याने पायाला बरं वाटत असेल, पण शीर आत जात नाही. मूळ दोष बऱ्याचदा जांघेजवळ असतो. तिथली शिरेतली झडप नीट मिटत नाही, वर जायचं रक्त खाली उतरतं आणि पोटरीत साचतं.

म्हणून शिरांतलं रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी न करता लेझर किंवा इंजेक्शन ठरवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तीही उभं राहून करून घ्यावी. आडवं झोपवून केली तर उलटं वाहणारं रक्त निसटू शकतं. कुठली झडप गळते आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, हे रिपोर्टमध्ये हवंच. मुख्य शीर गळत असताना फक्त खालच्या बारीक शिरांना इंजेक्शन दिली, तर त्या पुन्हा फुगण्याची शक्यता दाट.

पायाला घट्ट दाब देणाऱ्या स्टॉकिंग्जची वेगळीच तऱ्हा. संध्याकाळी सुजलेल्या पायाचं माप देऊन घेतात, दुपारी आठवण झाली की चढवतात आणि उकडलं की वरची कड गुंडाळून ठेवतात. ती गुंडाळी दोरीसारखी आवळते. माप सकाळचं घ्या, घालायचेही उठल्या उठल्या. सहसा क्लास २ म्हणजे पाऱ्याच्या 23 ते 32 मिलिमीटर दाबाचे सांगतात, पण मधुमेह असेल किंवा सिगारेटची सवय असेल तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. आणि हो, स्टॉकिंग्ज सूज आवरतात, झडप दुरुस्त करत नाहीत.

‘शीर जाळली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती घरोघरी. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जातं, त्यामुळे गळकी शीर बंद झाल्याने अडत नाही. लेझर किंवा आरएफए (रेडिओ लहरींच्या उष्णतेने शीर आतून बंद करणं) साधारणपणे जागा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी चालायला लावतात. नंतर आठवडाभर पलंगावर पडून राहू नका.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. शीर फुटून रक्त आलं, तर वर दोरी बांधू नका. आडवं व्हा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उघडता दाबा; तरी थांबत नसेल तर 108.