बेल्जियममध्ये आधी विचारावे, मग मागवावे

बेल्जियमला जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत फ्राइज, वॉफल, चॉकलेट आणि बिअर ही चार नावे असतात, आणि ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास चौकाभोवती दोन तास फिरले की ती चारही उरकतात. पण अशा उरकण्यात हाती लागते ते पर्यटकांसाठी सजवलेले खाणे. स्थानिक माणूस हेच पदार्थ अधिक साधेपणाने आणि ज्याच्या त्याच्या वेळी खातो. त्याच्यासारखे खायचे असेल तर मागवण्यापूर्वी दोन-तीन नेमके प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

सुरुवात फ्राइजपासून करावी. रस्त्याकडेच्या ज्या टपरीवर ते मिळतात तिला 'फ्रितकोट' म्हणतात. बटाट्याचे जाडसर तुकडे आधी मध्यम तापमानावर आतून मऊ होईपर्यंत तळतात, बाहेर काढून निववतात आणि गिऱ्हाईक आल्यावर साधारण १८० अंशांच्या आसपास पुन्हा तळतात. दुसऱ्यांदा तळल्यावर जाळी झटकली की तुकडे एकमेकांवर आपटून खळखळ असा कोरडा आवाज येतो. तो ऐकू आला नाही तर फ्राइज मऊ पडणार, हे खुशाल समजावे. कागदाच्या पुडीत वरपर्यंत भरलेले हे तुकडे चिमुकल्या काट्याने उभ्याउभ्याच खातात. सॉसचे पैसे वेगळे पडतात. मेयोनेझ नेहमीचेच असते, पण आपल्या जिभेला मिरचीची सय आली असेल तर 'सामुराई' मागावा.

पहिला प्रश्न इथेच विचारायचा असतो. पारंपरिक फ्राइज गाईबैलांच्या चरबीत तळतात आणि अनेक टपऱ्यांना त्याचा अभिमानही असतो. शाकाहारी माणसाने किंवा गोमांस वर्ज्य असलेल्याने 'तळायला वनस्पती तेल आहे का?' हे स्पष्ट विचारून घ्यावे. फ्रेंचमध्ये त्याला 'विल वेजेताल' म्हणतात. असा प्रश्न उद्धट मानला जात नाही, आणि होकार देणाऱ्या टपऱ्याही सापडतात. ब्रसेल्समधील जूर्दां चौकात १९४८ पासून 'मेझाँ आंत्वान' ही टपरी उभी आहे. तिची खरी गंमत आजूबाजूच्या कॅफेंमध्ये आहे: त्यांपैकी कित्येक जण फ्राइजची पुडी घेऊन आत बसू देतात, फक्त पेय त्यांच्याकडचे मागवायचे.

बैठकीच्या जेवणात मसल, म्हणजे गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच जातीचे शिंपले, अवश्य खावेत. एका माणसासाठी कवचांसकट साधारण किलोभर शिंपले झाकणाच्या काळ्या भांड्यातून येतात, आणि तळाशी सेलरी, कांदा व बहुधा पांढरी वाइन यांचे पातळ पाणी असते. पहिला शिंपला काट्याने काढावा आणि त्याचे रिकामे जोडकवच चिमट्यासारखे धरून पुढचे सगळे त्यानेच ओढून काढावेत. रिकामी कवचे एकात एक खोचत गेले की ताटलीही आवरती राहते. तळाचे पाणी मात्र टाकून उठू नये, ते पावाने टिपून खावे. यांचा हंगाम साधारण जुलैत सुरू होऊन हिवाळ्याअखेर संपतो, त्यामुळे वसंतात कुणी आग्रह करून वाढू लागला तर दुसरे काही मागवलेले बरे.

मेन्यूतील नावांवर विसंबू नये. 'फिले अमेरिकाँ' हे नाव वाचून माझ्या एका सहप्रवाशाने भाजलेल्या मांसाच्या आशेने ते मागवले आणि समोर आला तो कच्च्या गोमांसाचा मसालेदार खिमा. पदार्थ त्या लोकांचा लाडका आहे, पण आपण काय मागवतो आहोत हे ठाऊक असलेले बरे. 'स्तोफव्लेस' म्हणजे बिअरमध्ये मंद आचेवर शिजवलेले गोमांस. गेंट शहराचे 'वॉटरझोई', म्हणजे मलईदार रश्शाचे कालवण, आज बहुधा कोंबडीचे असते, मूळचे मात्र मासळीचे. शाकाहाऱ्याला चीजचे क्रोकेट किंवा 'स्तूम्प', म्हणजे भाज्या घालून कुस्करलेला बटाटा, असा आधार मिळतो, मात्र स्तूम्पसोबत सॉसेज येते का आणि क्रोकेट कशात तळतात हेही विचारावे. शाकाहारी मुक्कामासाठी माझे मत गेंटला आहे, कारण २००९ पासून तिथे गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून पाळण्याची मोहीम चालते. स्वयंपाकघरे दुपारी दोनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सहानंतर उघडतात, म्हणून चार वाजता भूक लागली तर फ्रितकोटच गाठावे. पिण्याचे पाणी सहसा बाटलीचे आणि विकतचे असते. सेवाशुल्क बिलातच धरलेले असते, त्यामुळे बक्षिशीची सक्ती नाही.

आता बिअर. बेल्जियमच्या बिअर संस्कृतीची नोंद युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. इथे दुसरा प्रश्न विचारावा: 'हिच्यात अल्कोहोल किती?' आपल्याकडच्या सवयीने एकामागून एक ग्लास रिचवण्याचा हा प्रकार नव्हे. ड्यूव्हेल ८.५ टक्क्यांची आहे, वेस्टमालेची त्रिपेल ९.५ टक्क्यांची. मठांच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली बनणाऱ्या बिअरला ट्रॅपिस्ट म्हणतात. त्यांपैकी ऑर्वालची बाटली उघडल्यावर घाई करू नये. तिच्यासाठी वेगळा, रुंद तोंडाचा चषक येतो. तो तिरका धरून सावकाश ओतावे आणि तळाशी साचलेले यीस्ट शेवटच्या घोटाएवढे बाटलीतच राहू द्यावे. आवडत असल्यास ते नंतर वेगळे चाखता येते. प्रत्येक बिअरला तिच्या नावाचा ग्लास असावा हा तिथला हट्ट प्रथम हास्यास्पद वाटतो, पण दोन दिवसांत आपणही चुकीच्या ग्लासकडे नाराजीने पाहू लागतो.

ज्याला एकच अनुभव घ्यायचा आहे त्याने लॅम्बिक निवडावी. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात, थंडीच्या महिन्यांत, उकळलेले धान्याचे पाणी रात्रभर उथळ, उघड्या पात्रात ठेवतात. हवेतील आणि वास्तूतील रानटी यीस्ट त्यात शिरते आणि विरजण न घालता आंबवण सुरू होते. पुढे लाकडी पिपांत मुरलेल्या तरुण आणि जुन्या लॅम्बिकचे मिश्रण म्हणजे ग्यूझ. आंबट चेरी घालून मुरवली की ती क्रीक होते. बाटलीवर 'औदे' हा शब्द असेल तर ती साखरेने गोड केलेली नसून पारंपरिक रीतीची आहे असे समजावे. पहिला घोट चांगलाच आंबट लागतो, तिसऱ्यापर्यंत धीर धरावा. ब्रसेल्सच्या आंडरलेख्ट भागातील 'कांतियों' या बिअर बनवणाऱ्या कारखान्यात ही सगळी प्रक्रिया पाहून शेवटी चव घेता येते.

जे पीत नाहीत त्यांनी कॉफी मागवावी. तिच्याबरोबर बशीत बहुधा दालचिनीचे स्पेक्युलूस बिस्किट येते.

वॉफलचे दोन प्रकार असतात. ब्रसेल्सचे आयताकृती, हलके आणि कुरकुरीत असते, त्यावर पिठीसाखर पुरे. लीएज शहराचे वाकड्यातिकड्या कडांचे आणि घट्ट असते, कणकेतच साखरेचे मोती घातल्यामुळे ते बाहेरून कॅरमलसारखे चिकट होते. स्ट्रॉबेरी, मलई आणि चॉकलेटचा डोंगर चढवलेले वॉफल छायाचित्रापुरते ठीक आहे, पण पाच मिनिटांत ते खालून ओले होते आणि मग खाणाऱ्याची तारांबळ उडते.

चॉकलेट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावे. आत सारण भरलेले 'प्रालीन' झाँ नॉयहाउस यांनी १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या गालेरी द ला रेन या गॅलरीत घडवले, ज्या जागी त्यांच्या आजोबांचे औषधांचे दुकान होते. तयार डबा उचलण्याऐवजी काचेमागचे एकेक बोट दाखवून २५० ग्रॅम निवडावे आणि तिसरा प्रश्न विचारावा: 'यात मद्य किंवा ताजी मलई आहे का?' मलईचे तिथेच संपवावेत, कारण ते टिकत नाहीत. मुंबईला आणायचे असतील तर साध्या चॉकलेटच्या वड्या घ्याव्यात, हातसामानातच ठेवाव्यात आणि विमानतळाबाहेर टॅक्सीच्या डिकीत टाकू नयेत.