वादळाआधी कॉन्डोच्या (मालकीच्या फ्लॅटच्या) विम्याची तयारी: फ्लोरिडात घर असलेल्यांसाठी

फ्लोरिडात वादळांचा मोसम कागदावर १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, पण त्याचा खरा जोर ऐन गणपती-नवरात्रात. २०२२ मध्ये इयान २८ सप्टेंबरला किनाऱ्यावर आदळलं, २०२४ मध्ये हेलीन २६ सप्टेंबरला आणि मिल्टन ९ ऑक्टोबरला. तरीही विम्याची कामं मे महिन्यातच उरकून टाका. वादळ जवळ आलं की कंपन्या नव्या पॉलिसी आणि वाढीव कव्हर देणं थांबवतात. पुराच्या सरकारी विम्याला तर साधारण ३० दिवस थांबावं लागतं.

पहिलं काम म्हणजे असोसिएशनकडून (फ्लॅटमालकांच्या सोसायटीकडून) मास्टर पॉलिसीचं, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या सामायिक विम्याचं, डिक्लेरेशन पेज (गोषवाऱ्याचं पान) मागून घ्या. त्यात दोन आकडे शोधायचे: इमारत कितीला इन्शुअर्ड आहे आणि हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे चक्रीवादळाच्या नुकसानीतला आधी स्वतः सोसायचा भाग, किती टक्के. समजा, विमा २ कोटी डॉलरचा आणि डिडक्टिबल ५ टक्के. ही टक्केवारी विम्याच्या रकमेवर लागते, नुकसानीवर नाही, आणि गफलत होते ती इथेच. वादळात १२ लाखांचं नुकसान झालं तर कंपनी देणार २ लाख. उरलेले १० लाख असोसिएशनचे, आणि रिझर्व्हमध्ये (राखीव निधीत) तेवढे पैसे नसले तर ते तुमच्या-माझ्याकडूनच येणार. एकसारखी शंभर घरं असली तर प्रत्येकी १०,००० डॉलर. सगळ्यांचा हिस्सा सारखा असेलच असं नाही. तुमचा किती ते कॉन्डोच्या मूळ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात (विम्याच्या पानात नव्हे), दिलेलं असतं.

आता स्वतःची पॉलिसी, म्हणजे एचओ-६, उघडा आणि ‘लॉस असेसमेंट’ची ओळ शोधा. नुकसानीपोटी असोसिएशन मालकांकडून जो वाटा मागते (असेसमेंट), तो भरून देणारं हे कव्हर. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे तिथे किमान २,००० डॉलर असावेच लागतात. अनेकांच्या पॉलिसीत तेवढेच असतात, आणि वरच्या हिशोबापुढे ते कुठेच पुरत नाहीत. मर्यादा वाढवून घ्या. त्यासाठी हप्ता सहसा फारसा वाढत नाही. मात्र एजंटला ईमेलवर नेमकं विचारा: असोसिएशनच्या डिडक्टिबलपोटी आलेल्या असेसमेंटलाही ही वाढीव मर्यादा लागू आहे का? काही पॉलिसींत त्या भागापुरती वेगळी, खूप छोटी मर्यादा असते. उत्तर लेखीच घ्या. शिवाय एकाच वादळापायी असोसिएशनच्या बोर्डाने (कार्यकारिणीने) तीनदा पैसे मागितले तरी मर्यादा एकदाच मिळते, आणि तीही नुकसान होण्याच्या आदल्या दिवशी जी असेल ती. वादळानंतर वाढवलेल्या कव्हरचा त्या वादळासाठी काहीच उपयोग नाही.

घराच्या आतलं काय? फरशी, भिंतींचा रंग, किचन कॅबिनेट, ओटा, वॉटर हीटर, फ्रिज, पडदे हे मास्टर पॉलिसीत येत नाही. ते तुमच्या एचओ-६ मध्ये पुरेशा रकमेला धरलंय का ते पाहा. खोली-खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, आणि तो फोनबाहेरही ठेवा. घर भाड्याने देऊन पुण्याला परतलेल्यांनी तर हे नक्कीच करावं. भाडेकरूचा विमा मुख्यतः त्याच्या सामानासाठी असतो आणि असेसमेंटची नोटीस मालकालाच येते.

पुराचा विमा वेगळा. त्यात एक खोच आहे: मास्टर पुरविम्याच्या डिडक्टिबलपोटी आलेली असेसमेंट सरकारी पुरविमा भरून देत नाही. ती रक्कम बचतीतूनच जाणार, तेव्हा बाजूला काढून ठेवा. जुनं काँक्रीट दुरुस्त करायला किंवा रिझर्व्ह भरायला काढलेली असेसमेंटही एचओ-६ च्या लॉस असेसमेंट कव्हरमध्ये बसत नाही. २०२१ मध्ये मायामीजवळच्या सर्फसाइडला कॉन्डोची इमारत कोसळली, त्यानंतर तपासणीचे नियम कडक झाल्यापासून अशा मागण्या येत असतात. म्हणून वादळानंतर नोटीस आली की बोर्डाकडून लेखी खुलासा मागा: रक्कम कोणत्या तारखेच्या नुकसानीची, त्यात डिडक्टिबल किती, इतर कामं किती. ठरावाची प्रत जोडून कंपनीला लगेच कळवा. फ्लोरिडात नवा क्लेम कळवायला साधारण एकच वर्ष मिळतं. बोर्डाचे हिशेब लांबत राहतात, म्हणून लॉस असेसमेंटच्या क्लेमला नुकसानीपासून एक वर्ष किंवा बोर्डाच्या ठरावापासून ९० दिवस, यांतलं जे नंतर येईल तेवढी मुदत असते, पण नुकसानीपासून तीन वर्षांपलीकडे नाही.

स्वतःच्या घराचं नुकसान डिडक्टिबलपेक्षा कमी असलं तरी तेही कळवा आणि पावत्या जपून ठेवा. हरिकेन डिडक्टिबल एका कॅलेंडर वर्षात एकाच कंपनीकडे साठत जातं. हेलीनपाठोपाठ मिल्टन आलं तसं दुसरं वादळ आलं, तर पहिल्या वेळचा खर्च त्यातून वजा होतो, पण तो पावत्यांनी दाखवता आला तरच.