गाडी विकली, नाव मात्र तसंच : दुचाकीवाल्यांनो, या चुका टाळा

अमळनेरच्या माझ्या मामेभावाने आपली जुनी शंभर सीसीची गाडी चोपड्याच्या एका ओळखीच्या माणसाला अठरा हजारांत दिली. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या झाल्या, कटिंग चहा झाला, किल्ली हातात दिली आणि विषय संपला. दोन वर्षांनी दारात पोलीस. गाडी मधल्या काळात तिघांच्या हातून फिरली होती. शिरपूर रस्त्यावर एका बाईच्या गळ्यातली पोत ओढून पळालेली पोरं तीच गाडी टाकून पसार झाली होती. भाऊ एकच वाक्य घोकत होता, "गाडी आते मन्ही नही." पण आरसीवर नाव त्याचंच. पुढचे तीन आठवडे त्याने कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या.

पोलीस चुकले असं मी म्हणणार नाही. नंबरावरून माणसापर्यंत पोहोचता यावं, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. तो धागा मध्येच तुटला की शोध जुन्या मालकाच्या उंबऱ्यावर येऊन थांबतो.

स्टॅम्प पेपर म्हणजे नावावर नव्हे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं (फॉर्म २९), घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवायला अर्ज करायचा (फॉर्म ३०). गाडी राज्याबाहेर जात असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात आणि फॉर्म २८ ची एनओसी लागते. गाडीवर कर्ज असेल तर आधी फॉर्म ३५ भरून बँकेचा बोजा उतरवा.

आपल्याकडची खोड अशी, की कोऱ्या टीटी फॉर्मवर (नाव बदलीच्या अर्जावर) सही करून तो दलालाच्या हवाली करायचा. दलाल ते कागद खिशात ठेवून गाडी पुढे विकतो, घेणारा तिसऱ्याला देतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं, की अपघात झाल्यास भरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे. गाडी मधे कितीही हात फिरली असली तरी.

विकून झालंय आणि घेणारा फोन उचलत नाही? मग घेणाऱ्याचं आधार, विक्रीचा कागद आणि तारीख जोडून आरटीओला लेखी कळवा, एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि दोन्हीकडची पोहोच जपून ठेवा. याने जबाबदारी पूर्ण सुटत नाही, पण उद्या बोलायला हातात काहीतरी असतं. यापुढे विकताना नाव चढेपर्यंत थोडे पैसे हातचे राखा. घेणाऱ्याला राग येईल, येऊ द्या.

वडील गेल्यावर त्यांच्याच नावाची गाडी वर्षानुवर्षं चालवणारे आपल्या गावात किती तरी निघतील. ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर वारसाला तीन महिने गाडी वापरता येते, तेवढ्यात फॉर्म ३१ भरून ती नावावर करायची.

स्वस्त गाडी घेताना फक्त नंबर प्लेट पाहणे

प्लेट रेडियमच्या दुकानात मिळते, चेसिस नंबर मिळत नाही. हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर ठोकलेली सतरा अक्षर-अंकांची ओळ फडक्याने पुसून वाचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. दिसली तर गाडी तिथेच सोडा. आजूबाजूला ग्राइंडरचा ओरखडा किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तरी तेच. मग इंजिन नंबर पाहा आणि एमपरिवहन या सरकारी अॅपवरची नोंद दोन्हींशी ताडून घ्या. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत तपासता येतं. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला, किंवा तसं समजायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

सुरतची पासिंग, नंदुरबारचा मुक्काम

सुरतला कामाला गेलेली माणसं परत येताना जीजे-०५ ची गाडी घेऊन येतात. सणावाराला आणली तर कुणाची हरकत नाही. पण गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथेच राहिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो : नंदुरबारला एमएच-३९, धुळ्याला १८, जळगावला १९. बुऱ्हाणपूरहून येणाऱ्या एमपी-६८ लाही हाच नियम. इथला रोड टॅक्स भरल्यावर सुरतच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांना कुणी सांगत नाही.

प्लेटवरची कलाकुसर

८०५५ चा 'बॉस' झालेला दिसला की मला हसू येतं, कॅमेऱ्याला येत नाही. आकडे मराठीत लिहायचा मोहही सोडा. भाषेवर प्रेम माझंही आहे, पण नियमाला इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच चालतात. वाकवलेली प्लेट, शेतातल्या चिखलाने कायमची माखलेली प्लेट, लिंबू-मिरचीने झाकलेला शेवटचा आकडा : पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हवी. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. खरी प्लेट ओळखायची तर डावीकडे वर निळ्या चक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम आणि खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक बघा. पुढच्या-मागच्या प्लेटचे लेझर क्रमांक वेगळे असतात आणि दोन्ही गाडीच्या नोंदीत चढतात. रेडियमवाला होलोग्रामसारखं स्टिकर चिकटवून देईल, पण त्याच्या प्लेटची नोंद कुठेच सापडणार नाही. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातींमध्ये बनावट साइट असतात.

गॅरेजवाला मडगार्ड बदलताना प्लेटचं स्नॅप लॉक तोडतो आणि नट-बोल्टने आवळून देतो. हे लॉक एकदाच वापरायचं असतं, ते तोडल्याशिवाय प्लेट निघू नये म्हणूनच ते बसवलंय. काम सुरू होण्याआधीच त्याला बजावा.

दुसऱ्याच्या गाडीचं चलान आपल्याला

तुम्ही पारोळ्यात आणि चलान पुण्याचं? घाबरून पैसे भरू नका. भरलेत म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. चलानचा फोटो मोठा करून मॉडेल, रंग, आरसे, सीट, क्रॅश गार्ड आपल्या गाडीशी ताडा. वेगळं दिसलं तर महाट्रॅफिक अॅपवर स्वतःच्या गाडीचे फोटो आणि आरसी जोडून तक्रार करा, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. तुमचा नंबर लावून कुणीतरी फिरतंय, तो उद्या फक्त सिग्नल तोडेल असं नाही.

हे चलान तुम्हाला कळायचं तर गाडीच्या नोंदीत तुमचा मोबाइल हवा. आमच्या ओळखीत एकाच्या गाडीला सात चलानं साचली होती, मेसेज मात्र सगळे जात होते गाडी नावावर करून देणाऱ्या एजंटच्या फोनवर. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाका, ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो ते लगेच कळेल.